पलीकडच्या खोलीत

१

मी कवळ्या बनवतो. सोळा वर्षं झाली. माणसं मला दिसत नाहीत, त्यांचे जबडे दिसतात. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात आणि चिठ्ठीसकट आमच्याकडे पाठवतात. चिठ्ठीवर वरची की खालची आणि दातांचा रंग कुठला, एवढंच लिहिलेलं असतं.

आमच्या तीन खोल्या आहेत, एकापुढे एक. पहिलीत मावशी मापात प्लास्टर ओतून साचे काढते. ती आमच्यापैकी कुणाचीच मावशी नाही, पण पहिल्या दिवसापासून तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. मधल्या खोलीत मी मेणात एकेक दात बसवतो. तिसरीत पॉलिशची मोटार आहे. मालकाला आम्ही पाठीमागे बत्तिशी म्हणतो, कारण त्याच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही. वरची आणि खालची दोन्ही मी केलेल्या. त्यामुळे तो माझ्यावर ओरडतो तेव्हा माझंच काम माझ्यावर ओरडत असतं.

अडीच वर्षांपूर्वी मी आजारी पडलो. फळीवर वाळत ठेवलेले साचे बोलायला लागले. आधी पुटपुटायचे, मग माझ्याबद्दल बोलायला लागले, मग माझ्याशी. एका दुपारी मी बेचाळीस साचे मोरीत आपटून फोडले. मावशी अडवायला आली तर तिलाही ढकललं. तिच्या मनगटाला प्लास्टर घालावं लागलं, तेही तिने दुसऱ्या हाताने स्वतःच कालवून डॉक्टरकडे न्यायची तयारी केली होती असं ती अजून हसत सांगते. मला त्यात हसू येत नाही.

अकरा आठवडे मी इस्पितळात होतो. नंतर घरी. घर म्हणजे माझी ताई आणि मी. गोळ्या सुरू झाल्या, साचे हळूहळू गप्प झाले, आणि वर्षभरापूर्वी बत्तिशीने मला परत कामावर घेतलं. हे सगळं आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणीही म्हणेल की याचं डोकं मुळातच ठिकाणावर नाही. ते मला माहीत आहे. मी स्वतःही रोज तेच धरून चालतो आणि मग उरलेलं तपासतो.

डॉक्टरबाईंनी मला एकच नियम घालून दिला होता. काही ऐकू आलं आणि शंका आली, तर जवळच्या माणसाला विचारायचं, तुलाही ऐकू येतंय का. लाजायचं नाही.

२

मंगळवारी सकाळी मी मधल्या खोलीत वरच्या जबड्याचे पुढचे दात लावत होतो. हे काम नाजूक असतं. दिव्यावर सुरी तापवायची, मेण जरासं मऊ करायचं, दात टेकवायचा, केसभर आत, केसभर बाहेर. तिसऱ्या खोलीत मोटार सुरू झाली. मी लक्ष दिलं नाही.

मग लक्ष गेलं. मी पॉलिश करताना कवळी फिरत्या चाकाला तीनदा लावतो, बाजूला काढतो आणि अंगठ्याच्या नखावर दोनदा टकटक करून पाहतो. त्यातून काही कळत नाही, नुसती खोड आहे. पलीकडून तेच येत होतं. तीनदा घर्र, मग टकटक. पुन्हा तीनदा.

बत्तिशी त्या दिवशी बाहेर गेला होता. आम्ही दोघंच होतो, मावशी आणि मी. मावशी मोटारीला हात लावत नाही. मी नियमाप्रमाणे विचारायचं ठरवलं आणि जागेवरूनच हाक मारली, “मावशी, पॉलिशला कोण आहे?”

“कोण असणार? तूच,” ती पहिल्या खोलीतून म्हणाली. “आता तिथूनच ओरडतोयस की.”

मी हसलो. सुरी ठेवली, उठलो, आणि दोन पावलं टाकली असतील. मी तिसऱ्या खोलीत होतो. मोटार नुकतीच बंद केलेली होती, कापडी चाक अजून गरगरत थांबत होतं. माझ्या हातात गुलाबी, चकचकीत, पूर्ण झालेली खालची कवळी होती. बाह्या कोपरापर्यंत पॉलिशच्या ओल्या पुडीने पांढऱ्या झाल्या होत्या.

मधल्या खोलीत जाऊन पाहिलं. दिवा जळत होता. सुरी गार होती.

गोळ्यांनी असं होतं, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. माणूस काम करतो आणि केलेलं विसरतो. पण मला काही विसरायला झालं नव्हतं. ती वीस मिनिटं मला नीट आठवत होती. चार दात लावले होते, तिसरा जरा तिरका गेला म्हणून पुन्हा काढला होता. मेणाकडे पाहिलं तर त्यात एकही दात नव्हता.

३

ताई गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखाली जादा ब्रेक ठेवायचा आणि चेहरा शांत ठेवायचा, हे तिचं वीस वर्षांचं काम. माझ्या आजारपणातही ती तशीच बसून होती. मी सहा फूट उंच आणि अडतीस वर्षांचा आहे, तरी मला ती छोट्या म्हणते.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी आलो. दारातून आत आलं की आमच्याकडे अरुंद बोळ आहे, त्याच्या टोकाला स्वयंपाकघर. मी बोळात बाकावर बसून बूट काढत होतो. स्वयंपाकघरात ताई कुणाशी तरी बोलत होती. पुरुषाचा आवाज होता. शब्द कळत नव्हते, पण मजेत चाललं होतं. मध्येच ताई मोठ्याने हसली. तिचं असं हसणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं, तिचा सर्वेक्षक आला असेल.

हा सर्वेक्षक रस्त्यांची मोजणी करणारा, बायको वारलेला, सभ्य माणूस. मी आजारी पडण्याआधी त्याने ताईला मागणी घातली होती. त्याची बदली दुसऱ्या गावी झाली, आणि ताईने मला सोडून जाता येणार नाही म्हणून विषय बाजूला ठेवला. तो थांबून राहिला. मला हे सगळं माहीत होतं आणि आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो.

त्याच्याशी नीट बोलायचं असं ठरवून मी आत निघालो. आत सर्वेक्षक नव्हता. मी खुर्चीत होतो. माझ्यापुढे संपत आलेलं ताट होतं, तोंडात घास होता, आणि ताई हातावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होती.

“मग? पुढे काय म्हणाली मावशी?” तिने विचारलं.

मी घास गिळला. काहीतरी बोललो. आवाज तोच होता, जो मी बोळातून ऐकत होतो.

दोन दिवसांनी ताईने सांगितलं की तिने सर्वेक्षकाला होकार कळवला. महिन्याभरात नोंदणी पद्धतीने लग्न. तिचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, “तू त्या दिवशी म्हणालास ना, तू जा, मी नीट राहीन. असं तोंडावर कुणी सांगितल्याशिवाय माझं पाऊल उचललं नसतं.”

मी असं म्हणालो नव्हतो. निदान बोळात बसून तरी नाही.

४

आता नियम मोडायला सुरुवात झाली. ताईला विचारायला हवं होतं, डॉक्टरबाईंना सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ताईने त्याच संध्याकाळी सर्वेक्षकाला नकार कळवला असता. ती आणखी दोन वर्षं ब्रेकवर पाय ठेवून बसली असती. मी गप्प राहिलो. डॉक्टरबाईंकडे महिन्याची भेट होती, तिथे समोरासमोर बसून म्हणालो, झोप चांगली आहे, भूक चांगली आहे, आवाज नाहीत. यातलं काहीच खोटं नव्हतं.

बत्तिशी माझ्यावर खूश होता. एक कवळी उजेडात धरून म्हणाला, हात पूर्वीसारखा बसला तुझा, उलट जास्तच. ती कवळी मी पहिल्यांदाच पाहत होतो. काम खरंच चांगलं होतं. हिरड्यांवर बारीक, खऱ्यासारखे फुगवटे काढले होते. तेवढा धीर मला कधी राहत नाही.

माझ्या मनात काय यायचं ते सांगतो. मला दुसरा कुणी आहे असं वाटत नव्हतं. साच्यांच्या वेळी मला खात्री होती, आता खात्री कशाचीच नव्हती. फक्त असं दिसत होतं की जिथे चाललंय तिथे मी नसतो, पलीकडच्या खोलीत असतो. आणि जिथे चाललंय तिथे सगळं ठीक चाललंय. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. माझ्याकडे त्याचा पुरावा होता.

मी उपाय केले. घड्याळाकडे बघत राहायचो. मनगटावर पेनाने तास लिहायचो. एकदा मनगटावर तीन, चार आणि पाच असे तीन आकडे होते. चार माझ्या हातचा वाटेना. माझ्या चारची शेपटी लांब असते, हा नेटका आणि आखूड होता. मी तो थुंकी लावून पुसला.

मग गुरुवार आला. मी मधल्या खोलीत बसलो होतो आणि पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. म्हटलं, बरं झालं. मग लक्षात आलं की मी बसलेलो नाही, उभा आहे. रस्त्यावर उभा होतो, आमच्या इमारतीच्या समोरच्या फुटपाथवर, लोकांचे धक्के खात. वर दुसऱ्या मजल्यावर आमची मधली खिडकी. आत दिवा लागलेला. खिडकीपाशी कुणीतरी मान खाली घालून काम करत होतं. इतक्या लांबून आवाज येणं शक्यच नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. रस्ता ओलांडायला हवा हे कळत होतं आणि पाय उचलत नव्हता. मग खांद्यावर बत्तिशीचा हात पडला आणि तो म्हणाला, चल, बंद करायची वेळ झाली. मी माझ्या स्टुलावर होतो. हातात तापलेली सुरी होती.

तोवर मध्ये एक भिंत असायची. त्या दिवशी रस्ता होता. घरी जाताना मी एवढाच विचार करत होतो की पुढच्या वेळी किती लांब असेन, आणि तिथून परत यायचा रस्ता मला सापडेल का.

५

रविवारी दुपारी ताई सामान बांधत होती. लग्नाला बारा दिवस राहिले होते. मी माझ्या खोलीत पुस्तकांच्या खोक्याला दोरी बांधत होतो. काय न्यायचं आणि काय माझ्यासाठी ठेवायचं यावरून आमचं सकाळपासून थट्टेत चाललं होतं. तिला मोठी कढई न्यायची होती, मी म्हणत होतो मला ठेव.

स्वयंपाकघरातून पुरुषाचा आवाज यायला लागला.

मी दोरी सोडली. मोजत बसलो. साठपर्यंत मोजलं, आवाज थांबला नाही. या वेळी मजेत चाललेलं नव्हतं. ताई बोलतच नव्हती. तो एकटाच बोलत होता, सलग, खालच्या आवाजात, श्वास घ्यायला थांबायचा तेवढाच.

आजवर आवाज चालू असताना मी कधी स्वतःच्या पायांनी आत पोचलो नव्हतो. मी नेहमी आपोआप पोचायचो. त्या दिवशी मी मुद्दाम उठलो आणि बोळातून निघालो. बोळ अकरा पावलांचा आहे. मी प्रत्येक पाऊल जमिनीवर नीट टेकवत गेलो. भिंतीला हात लावून पाहिला, भिंत गार होती. दार अर्धवट लोटलेलं होतं. मी ते एका बोटाने ढकललं.

ताई समोर होती, माझ्याकडे तोंड करून. तिच्या पुढ्यात, माझ्याकडे पाठ करून, खुर्चीवर एक माणूस बसला होता. त्याच्या अंगात माझा निळा शर्ट होता. मी खाली पाहिलं, माझ्याही अंगात तोच होता. त्याच्या डोक्यावर मागे दोन भोवरे होते, एकाला लागून एक. मानेवर न्हाव्याने राखलेली रेघ वाकडी गेली होती. उजव्या कानामागे तीळ होता. माणसाला स्वतःचं डोकं मागून कधी दिसत नाही. मला हे काहीच माहीत नव्हतं, आणि तरी ते ओळखीचं होतं.

त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतोय. तो रडत होता.

“मला भीती वाटते, ताई,” तो म्हणत होता. “मी अर्धा वेळ इथे नसतो. कामावर नसतो, तुझ्यासमोर नसतो. लांब लांब जातोय. तू थांबशील म्हणून सांगितलं नाही.”

इतके दिवस मी जे दाबून ठेवलं होतं ते सगळं तो सांगत होता. आमच्या दोघांत मीच लपवणारा होतो.

ताईने त्याचे दोन्ही हात धरले होते. तिने विचारलं, “आणि आत्ता? आत्ता कुठे आहेस?”

ताईने मान वर केली आणि त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. सरळ माझ्याकडे. तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली, ओळखीचं कुणी गर्दीत दिसल्यावर पडते तशी. मग ती ज्या दिशेला बघत होती तिकडे बघायला म्हणून त्या माणसाने मान वळवायला सुरुवात केली. आधी कान, मग ओला गाल, मग नाकाचं टोक.

मी खुर्चीत होतो. मान वळलेली होती. दार अर्धवट उघडं होतं आणि बोळ रिकामा होता. माझा चेहरा ओला होता आणि माझे हात ताईच्या हातात होते, तिने ते इतके घट्ट धरले होते की बोटं दुखत होती.

“तिथे,” मी म्हणालो, आणि दाराकडे बोट दाखवलं. “आत्ता आलो.”

६

ताई ओरडली नाही, रडलीही नाही. तिने मला पाणी दिलं आणि सोमवारी सकाळी पहिल्या नंबरला डॉक्टरबाईंकडे नेलं. या वेळी मी सगळं सांगितलं, मनगटावरच्या चारपर्यंत. डॉक्टरबाई फार लिहीत बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की आवाज गेल्यावर बऱ्याच जणांचं असं होतं, माणूस खूप घाबरला की आतल्या आत मागे सरतो, आणि आवाज शांत झाले तरी ती सवय उरते. त्यांनी गोळ्यांचा डोस थोडा बदलला. दर आठवड्याला यायला सांगितलं. आणि मागे सरतोय असं वाटलं की करायच्या अगदी साध्या गोष्टी शिकवल्या. टाचा दाबायच्या, थंड पाण्यात हात घालायचा, समोर दिसतंय त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. मी विचारलं, आणि तो मला पाठमोरा दिसला ते? त्या म्हणाल्या, त्याचंही स्पष्टीकरण आहे. मग म्हणाल्या, पण आज ते ऐकायची तुला गरज आहे का? मी नाही म्हणालो. अजून ऐकलेलं नाही.

कामावर मी मावशीला सांगितलं. तिची मला सर्वांत जास्त भीती होती, तिचं मनगट मी मोडलं होतं. ती प्लास्टर कालवत होती, तशीच कालवत राहिली. म्हणाली, मग मी दर अर्ध्या तासाने तुला शिवी घालत जाईन, उत्तर आलं तर तू आहेस. तिने खरंच सुरू केलं. बत्तिशीला पहिले काही दिवस कळेना की आमचं काय बिनसलंय.

लग्न ताईने दीड महिना पुढे ढकललं. मी नको म्हणत होतो. तेव्हा ती म्हणाली, “तो होकार मला पुन्हा हवाय. तू इथे असताना.” मी दीड महिना घेतला. मग एका सकाळी, टाचा जमिनीला टेकवून, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “तू जा, मी राहीन.” नीट हा शब्द मी गाळला. ती म्हणाली, चालेल.

नोंदणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ती करताना मी पलीकडे कुठेही नव्हतो. पेन गळका होता, बोटाला शाई लागली, ती दोन दिवस गेली नाही.

७

ताईला जाऊन आता चार महिने झाले. घर माझ्या एकट्याच्या मानाने मोठं आहे. कमी होतंय. आधी दिवसातून दोन-तीनदा व्हायचं, आता आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि तेही थोडंच, शेजारच्या खोलीइतकं. मला फार भीती वाटत नाही. पलीकडून आवाज आला की मी उठतो आणि चालत जातो. घाई करत नाही.

ताई रोज सात वाजता फोन करते. कालही केला. त्या वेळी मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. हातात ओली चादर होती, तिची दोन टोकं जुळत नव्हती. आतून कुणीतरी मला हाक मारली. छोट्या, अशी. मी चादर तशीच दोरीवर टाकली आणि आत आलो.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. फोन टेबलावर उताणा पडला होता. कॉल चालू होता, एक मिनिट चाळीस सेकंद झाली होती. रिंग मी ऐकलेली नव्हती. मी फोन कानाला लावला.

“आलास का?” ताई म्हणाली.

मी विचारलं, तुला कसं कळलं मी नव्हतो?

तिच्याकडे भांड्यांचा आवाज येत होता, सर्वेक्षक काहीतरी घासत असावा. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, समोरून गाडी येत असताना शेजारच्या शिकाऊ माणसाशी बोलते तशी, “तूच उचललास ना. म्हणालास, थांब, बोलावतो त्याला.”

माझ्या हातातून पाणी ठिबकत होतं. मी खोलीभर पाहिलं. मधलं दार उघडं होतं, पलीकडच्या खोलीत दिवा लागलेला होता, आणि तो मी लावला होता की नाही ते मला आठवेना. मी टाचा जमिनीत दाबल्या. खुर्ची, मी मोठ्याने म्हणालो. टेबल. दिवा.

मग तिकडे तोंड करूनच मी खाली बसलो.

“आलोय,” मी ताईला म्हणालो. “बोल.”